नाक्यावरची विश्वेतिहास-परीक्षा

जगाच्या इतिहासाचे सामान्यज्ञान एखाद्या मनुष्यास कितपत आहे हे तपासावयाचे झाल्यास आपल्याकडे रूढ झालेली रीत अशी आहे की, प्लासीची लढाई कोणत्या साली झाली, रोमचा पहिला सम्राट कोण, असे सुटे सुटे प्रश्न मांडावयाचे, प्रत्येकाखाली चार पर्याय द्यावयाचे, आणि योग्य पर्यायावर खूण पडली म्हणजे ज्ञान रुजू झाले असे मानावयाचे. लक्षावधी उमेदवारांतून काही शेकड्यांची निवड करणाऱ्या खात्यास ही रीत सोयीची आहे हे उघड आहे, आणि त्या सोयीचा मी अव्हेर करीत नाही. परंतु ज्यास प्लासीचे १७५७ हे साल मुखोद्गत आहे, पण त्याच सालाच्या प्रारंभी अहमदशाह अब्दालीने दिल्ली आणि मथुरा लुटल्या होत्या, तो पूर्वेकडे सरकेल या धास्तीने सिराजउद्दौल्याने इंग्रजांशी तह करून घेतला होता, आणि युरोपात फ्रान्स व इंग्लंड यांच्यात पेटलेल्या सात वर्षांच्या युद्धाचे निमित्त साधून क्लाइव्हने चंद्रनगरचे फ्रेंच ठाणे आधीच उखडले होते, हे ज्यास ठाऊक नाही, त्याला प्लासी कळली असे म्हणणे मला कठीण वाटते. काबूल, पॅरिस आणि मुर्शिदाबाद ही तीन स्थळे ज्याच्या मनात एकाच वर्षी एकत्र येतात, त्याची परीक्षा वेगळ्या प्रश्नांनीच घ्यावी लागते.

परीक्षा ही संस्थाच मुळी विश्वेतिहासाचा एक विषय आहे. चीनमध्ये सुई घराण्याच्या कारकीर्दीत, म्हणजे इसवी सनाच्या सहाव्या-सातव्या शतकांच्या संधिकाळी, लेखी परीक्षेने अधिकारी निवडण्याची प्रथा सुरू झाली आणि ती थेट १९०५ पर्यंत, सुमारे तेरा शतके टिकली. उमेदवारांना कित्येक दिवस लहानशा कोठड्यांत बसवून प्राचीन ग्रंथांवर आणि राज्यकारभारावर निबंध लिहावयास लावीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटिशांनी हिंदुस्थानच्या मुलकी सेवेसाठी शिफारशीची पद्धत मोडून स्पर्धापरीक्षा आणली, तेव्हा या चिनी उदाहरणाची चर्चा विलायतेत झालेली होती. १८५५ पासून लंडनला ही परीक्षा होऊ लागली, १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ ठाकूर हे पहिले भारतीय तीत उत्तीर्ण झाले, आणि कुलाबा जिल्ह्यातल्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९१८ मध्ये तीत सर्वप्रथम आले. ठाणे महानगरपालिका आज ज्या संस्थेत स्पर्धापरीक्षांच्या उमेदवारांना मार्गदर्शन करते, तिला या देशमुखांचेच नाव आहे. त्या संस्थेत अभ्यास करणाऱ्या मुलामुलींसाठी मी या प्रकरणात एक निराळी प्रश्नपत्रिका काढू इच्छितो. तिचे स्थळ ठाण्यातील टेंभी नाका हे आहे, आणि तिची अट एवढीच की, प्रत्येक प्रश्न या नाक्याच्या आसमंतात, फार तर जुन्या ठाणे जिल्ह्याच्या हद्दीत उभा राहून विचारता आला पाहिजे. मात्र त्याचे उत्तर जगाच्या नकाशावर शोधावे लागले पाहिजे.

हे स्थळ मी लहरीने निवडलेले नाही. नवरात्रात दुर्गेश्वरीच्या दर्शनासाठी लोटणाऱ्या जनसमुदायामुळे टेंभी नाका महाराष्ट्रभर परिचित झाला आहे. परंतु एरवीच्या दिवशी, वाहनांचा गलका थोडा ओसरला असता, येथून पायी फिरणाऱ्यास काय काय आढळते ते पाहावे. पारशी लोकांची १७८० मध्ये बांधलेली, कावसजी पटेल यांच्या नावाची अग्यारी येथे आहे. बेने इस्राएल समाजाचे १८७९ चे ‘शार हशामाईम’ हे सिनेगॉग येथून जवळ आहे. मुनिसुव्रतस्वामींचे जैन मंदिर नाक्यावरच आहे, आणि श्रीपाल राजाच्या कथेमुळे त्याला दूरदूरचे यात्रिक येतात. मासुंदा तलावाच्या बाजूस वळले की संत जॉन बाप्तिस्त यांचे चर्च आणि त्याची शाळा लागते, आणि तलावाच्या दुसऱ्या अंगास कोपिनेश्वराचे देवालय आहे, ज्याचा जीर्णोद्धार १७६० मध्ये पेशव्यांचे सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी केला. इराण, जेरुसलेम, रोम, मगध आणि कोकण यांच्या परंपरा इतक्या थोड्या अंतरात शेजार करून राहिलेल्या आहेत. आणि त्यांतली प्रत्येक परंपरा येथे केव्हा आणि का आली, हे ज्यास सांगता येईल त्याने जगाच्या इतिहासाचा बराच मोठा भाग आपोआप सांगितलेला असेल.

अग्यारीपासून आरंभ करू. पहिला प्रश्न असा: इसवी सन ६४२ मध्ये काय झाले? एकाच उत्तरावर समाधान मानू नये. त्या वर्षी इराणात नहावंदच्या रणांगणावर अरबांनी सासानी साम्राज्याचा कणा मोडला. त्याच सुमारास दक्षिणेत पल्लव नरसिंहवर्म्याने वातापी, म्हणजे आजचे बदामी, जिंकून घेतले आणि ज्याने हर्षाला नर्मदेवर अडविले होते तो चालुक्य पुलकेशी द्वितीय त्या युद्धात नाहीसा झाला. आदल्याच वर्षाच्या सुमारास चिनी यात्रिक ह्युएन त्संग याने त्याच पुलकेशीच्या राज्यातून प्रवास करून महाराष्ट्रातल्या लोकांच्या मानी स्वभावाचे वर्णन लिहून ठेवले होते, आणि तो ६४५ मध्ये थांग सम्राटाच्या राजधानीत परतला. इराणचा अखेरचा सासानी राजा यज्दगर्द तिसरा ६३२ मध्ये गादीवर आला. हजरत मुहंमद पैगंबरांचे निधन त्याच वर्षी झाले. पारशी लोक आजही आपली कालगणना या यज्दगर्दाच्या राज्यारोहणापासून करतात. तो ६५१ मध्ये मर्वच्या परिसरात मारला गेला.

आता या घडामोडींत ठाणे कोठे आहे? बलाझुरी नावाच्या नवव्या शतकातील अरब इतिहासकाराने लिहिले आहे की, खलिफा उमर यांच्या कारकीर्दीत, हिजरी सन १५ च्या सुमारास, म्हणजे ६३६ च्या आगेमागे, बहरीन व ओमानचा सुभेदार उस्मान इब्न अबी अल-आस याने आपल्या जबाबदारीवर एक आरमारी तुकडी ठाण्यावर पाठविली. आणि ती परतल्यावर खलिफाने त्याला शाबासकी न देता खडसावले, की माझी माणसे तू एका फळीवर बसवून समुद्रात लोटलीस, ती बुडाली असती तर तुझ्या कबिल्यातून तितकीच माणसे मी वसूल केली असती. वाळवंटात वाढलेल्या त्या राज्यकर्त्यास समुद्राविषयी वाटणारा अविश्वास या हकिकतीत स्पष्ट दिसतो. भारताच्या भूमीवर अरबांनी केलेल्या अगदी प्रारंभीच्या स्वाऱ्यांत हिची गणना होते, ती सिंधवर मुहंमद बिन कासिम चालून येण्याच्या सुमारे पाऊण शतक आधीची आहे. ज्यांना भारतातील इस्लामच्या आगमनाची एकच तारीख, ७१२, पाठ असते, त्यांनी आपल्याच खाडीची ही नोंद ध्यानात ठेवावी.

या प्रश्नाचा उत्तरार्ध मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण लढाईच्या तारखेवरून लोक पुढे कसे राहिले हे कळत नाही. इराणातून आलेले झरतुष्ट्रीय लोक संजाणला उतरल्याची हकिकत ‘किस्सा-ए-संजान’ या फारसी काव्यात आहे, पण ते काव्य सोळाव्या शतकाच्या अखेरीस रचलेले असल्याने उतरण्याच्या सालाविषयी पंडितांत एकमत नाही. लेखी पुरावा हवा असल्यास कान्हेरीच्या लेण्यांत जावे. तेथे १००९ आणि १०२१ या सालांचे पहलवी लिपीतील लेख आहेत. बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेले ते विहार पाहावयास आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे यज्दगर्दी सनासह तेथे नोंदविली आहेत. आणि चिंचणी येथे, पूर्वीच्या ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, सापडलेला शके ८४८, म्हणजे इसवी सन ९२६ चा राष्ट्रकूट ताम्रपट तर सर्वांवर कडी करतो. त्यावरून असे दिसते की, त्या काळी संजाणचा मुलूख राष्ट्रकूट सम्राटांच्या वतीने एका अरब अधिकाऱ्याच्या अंमलाखाली होता. संस्कृतात त्याचे नाव मधुमति असे लिहिले आहे, ते मुहंमद या नावाचे रूप होय. या अधिकाऱ्याच्या अनुमतीने तेथील एका मठास भूमिदान झाले. अरब कारभारी, कर्नाटकी सम्राट, हिंदू मठ आणि संस्कृत सनद ही चारही एका ताम्रपटावर नांदतात. ‘मध्ययुग म्हणजे धर्माधर्मांतील अखंड युद्ध’ असे विधान परीक्षेत चूक की बरोबर म्हणून आले, तर उत्तर लिहिण्यापूर्वी उमेदवाराने हा ताम्रपट आठवावा.

सिनेगॉगपाशी विचारावयाचा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे. तो तारखेचा नसून पुराव्याचा आहे. बेने इस्राएल लोकांची परंपरा सांगते की, त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांची आडनावे त्यांच्या गावांवरून पडली, आणि त्यांची मातृभाषा मराठी झाली. हे गलबत केव्हा फुटले? जेरुसलेमचे दुसरे मंदिर रोमन सेनापती टायटसने इसवी सन ७० मध्ये उद्ध्वस्त केले, त्याच्या आधी की नंतर? समकालीन लेख उपलब्ध नाही. पूर्वीच्या अभ्यासकांनी असा तर्क केला की, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात सुरू झालेला हनुक्का हा सण या समाजात मूळचा नव्हता, तेव्हा तो सण सुरू होण्याआधीच त्यांनी स्वदेश सोडला असावा. तर्क चतुर आहे, तथापि एखादा सण विसरला जाऊ शकतो हेही खरे. परंपरा, तर्क आणि लेख या तीन पायऱ्या ज्यास वेगळ्या ठेवता येतात, त्यास मी या प्रश्नाचे पूर्ण गुण देईन, मग त्याने कोणतेही शतक लिहिलेले असो.

यानंतरच्या प्रश्नासाठी मी एकच साल देतो आणि उमेदवाराने त्यावर यथेच्छ लिहावे असे सांगतो: १०१७. हे साल ठाण्याच्या मातीतून निघालेले आहे. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात पायासाठी खोदकाम चालू असता काही ताम्रपट सापडले. जनरल कारनॅक यांनी ते कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीकडे कळविले, पंडित रामलोचन यांच्या साहाय्याने त्यांचा अर्थ लावण्यात आला, आणि सोसायटीच्या संशोधन-ग्रंथमालेच्या पहिल्याच खंडात, १७८८ मध्ये, तो छापला गेला. आधुनिक पद्धतीने अभ्यासिल्या गेलेल्या पहिल्या काही भारतीय कोरीव लेखांत ठाण्याच्या या लेखास स्थान आहे, ही गोष्ट येथील प्रत्येक शाळेत सांगितली जावी असे मला मनापासून वाटते. लेख उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील अरिकेसरी राजाचा आहे. शके ९३९, पिंगल संवत्सर, कार्तिकी पौर्णिमेस चंद्रग्रहण लागले असता त्याने दान दिल्याचे त्यात नमूद आहे.

आता पृथ्वीच्या पाठीवर त्या वर्षी दृष्टी फिरवावी. तंजावरच्या गादीवर राजेंद्र चोळ तीन वर्षांपूर्वीच आलेला होता आणि त्याचे आरमार काही वर्षांतच समुद्रापार श्रीविजयापर्यंत पोहोचणार होते. धारेत भोज परमार राज्य करीत होता. त्याने तीनच वर्षांनी, १०२० मध्ये, कोंकणविजयाचे पर्व साजरे करून दानपत्रे दिली, आणि त्या विजयाचा फटका ज्याला बसला तो आपला हाच शिलाहार राजवंश. इंग्लंडच्या सिंहासनावर कन्यूट नावाचा डेन राजा नुकताच बसला होता. जपानच्या दरबारात मुरासाकी शिकिबू या विदुषीची गेंजीची प्रदीर्घ कथा वाचली जाऊ लागली होती. आणि १०१७ मध्येच गझनीच्या महमुदाने अरल समुद्राच्या दक्षिणेचे ख्वारिझम राज्य जिंकून तेथील विद्वानांना आपल्या राजधानीत नेले. त्यांत अल्बेरूनी होता.

या अल्बेरूनीपाशी थोडे थांबावयास हवे, कारण ठाण्याचा ताम्रपट आणि हा विद्वान यांच्यातला धागा मला फार मोलाचा वाटतो. तरुणपणी, ९९७ च्या मे महिन्यात, त्याने आणि बगदादच्या अबुल वफा याने आधी ठरवून एकाच चंद्रग्रहणाचा वेध घेतला होता, एकाने ख्वारिझमात आणि दुसऱ्याने बगदादेत. ग्रहण सर्वत्र एकाच क्षणी लागते, परंतु स्थानिक वेळ निरनिराळी असते. या दोन वेळांच्या अंतरावरून त्यांनी दोन नगरांच्या रेखांशांतील अंतर काढले. दोन दूरस्थ ठिकाणे एका घटनेने बांधून घेण्याची ही पद्धत खगोलशास्त्राची आहे, तथापि इतिहासाच्या अभ्यासकानेही तीच उचलावी. अरिकेसरीने चंद्रग्रहण पाहून दान दिले तेव्हा तो कोकणातील एका रात्रीचा लेख ठेवीत होता. त्याच दशकांत अल्बेरूनी हिंदू ज्योतिष शिकण्यासाठी संस्कृत ग्रंथ उलगडीत बसला, आणि १०३० च्या सुमारास पूर्ण झालेल्या आपल्या हिंदविषयक ग्रंथात त्याने समुद्रकाठच्या ठाण्याचा कोंकणची राजधानी म्हणून उल्लेख केला. महमुदाचे नाव आपल्याकडे सोमनाथावरील स्वारीने, १०२५-२६ च्या तारखेने, पाठ असते. त्याच महमुदाच्या पदरी राहून भारतीय विद्येचा इतका प्रामाणिक अभ्यास करणारा मनुष्य त्याच वेळी होऊन गेला हे ज्यास जोडीने आठवत नाही, त्याने त्या शतकाचे अर्धेच चित्र पाहिले आहे.

ठाण्याहून कल्याणला जावे. पहिल्या शतकात कोणा ग्रीक भाषक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या मार्गदर्शक ग्रंथात कल्याणचे नाव कल्लिएना असे येते, आणि त्यासोबत एक अत्यंत बोलकी तक्रार येते. पूर्वी हे रीतसर व्यापाराचे बंदर होते. परंतु सध्याच्या सत्ताधीशाने तेथे अडवणूक चालविली असून, चुकून एखादे ग्रीक जहाज तेथे शिरलेच, तर त्याला पहारा देऊन बॅरिगाझा म्हणजे भडोच येथे नेतात. का? भडोच क्षत्रप नहपानाच्या ताब्यात होते, कल्याण हे सातवाहनांचे बंदर होते, आणि रोमन सोन्याची जकात कोणाच्या खजिन्यात पडावी यावर त्या दोन सत्तांचे वैर होते. हे सोने किती मोलाचे होते ते रोममधल्या थोरल्या प्लिनीच्या विलापावरून कळते. भारत दरवर्षी साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स शोषून घेतो असे त्याने लिहून ठेवले. या वैराचा शेवट नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या नाण्यांच्या प्रचंड ठेव्यात हाताने चाचपता येतो: नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी, आणि त्यांपैकी नऊ हजारांवर नाण्यांवर विजयी सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा ठसा पुन्हा मारलेला. भडोचच्या वाटेवर पहाऱ्यात चाललेले ग्रीक जहाज, रोमच्या तिजोरीची चिंता आणि नाशिकजवळ पुरलेली नाणी ही एकाच प्रश्नाची उत्तरे आहेत. सहाव्या शतकात, जस्टिनियन सम्राटाच्या काळी, कॉस्मस नावाच्या दुसऱ्या ग्रीक प्रवाशाने कल्याणात इराणहून नेमलेला ख्रिस्ती धर्माध्यक्ष असल्याचे लिहिले आहे. तेवढ्या उल्लेखाने ख्रिस्ती धर्म भारतात पोर्तुगीजांनी आणला ही समजूत फोल ठरते.

चर्चपाशी परतल्यावर विचारण्याचा प्रश्न याच समजुतीस आणखी धक्का देणारा आहे: १३२१ मध्ये ठाण्यात इटालियन माणसे काय करीत होती? तेव्हा वास्को द गामाचा जन्म व्हावयास शतकाहून अधिक अवकाश होता. टोलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर हे तिघे फ्रान्सिस्कन साधू आणि तिफ्लिसचा दिमित्री हा त्यांचा दुभाषी असे चौघे होर्मुझहून जहाजाने दक्षिणेकडे कोल्लमला निघाले असता ठाण्यास येऊन पडले, आणि तेथील नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबाच्या घरी उतरले. ठाणे त्या वेळी देवगिरीच्या यादवांकडून दिल्लीच्या सुलतानीत गेलेले होते. खिलजी घराणे नुकतेच संपून १३२० मध्ये घियासुद्दीन तुघलक तख्तावर बसला होता. यजमानाच्या घरी नवराबायकोचे भांडण झाले, प्रकरण काजीपुढे गेले, साक्षीदार म्हणून या परक्या साधूंची नावे पुढे आली, साक्षीचा विषय बाजूस राहून धर्माचा वाद पेटला, आणि थॉमसने पैगंबरांविषयी कठोर उद्गार काढल्यावर त्याचा शेवट एप्रिल महिन्यात त्यांच्या वधात झाला. पोर्देनोनेचा ओडोरिक हा त्यांच्याच पंथाचा प्रवासी त्यानंतर लवकरच ठाण्यात आला. त्याच्या वृत्तांतानुसार स्थानिक मलिकाने आरंभी त्यांना सोडून दिले होते, काजीच्या आग्रहाने पुढचा प्रकार झाला, आणि दिल्लीच्या सुलतानास ही बातमी कळल्यावर त्याने मलिकालाच शिक्षा केली. ही साक्ष एका पक्षाची आहे, हे उमेदवाराने विसरू नये. परंतु त्यातही दिल्लीची हुकमत आणि ठाण्याचा अंमल यांतील ताण दिसून येतोच.

ओडोरिकने त्या मृतांच्या अस्थी गोळा केल्या आणि त्या घेऊन तो सागरमार्गाने चीनमध्ये, चुआनचौ या बंदरात, आपल्या पंथाच्या मठात गेला. एक इटालियन साधू ठाण्याच्या अस्थी चीनला कसा नेऊ शकला, हा या प्रश्नाचा गाभा आहे. कुब्लाईखानाच्या वंशजांचे युआन साम्राज्य त्या वेळी चीनवर राज्य करीत होते, मंगोलांनी १२५८ मध्ये बगदाद बुडविल्यानंतर इराणचे व्यापारी मार्ग पुन्हा बसले होते, आणि होर्मुझ, ठाणे, कोल्लम, चुआनचौ ही एकाच जलमार्गावरची मुक्कामाची ठिकाणे झाली होती. थोडे आधी मार्को पोलोने लिहिले होते की, ठाण्याचा राजा चाच्यांशी संगनमत करून असतो आणि लुटीतले घोडे तेवढे आपल्याकडे घेतो. घोडेच का? दख्खनच्या हवेत उत्तम घोड्यांची पैदास होत नसल्याने दक्षिणेतले प्रत्येक राज्य अरबस्तान-इराणच्या घोड्यांवर अवलंबून होते, आणि ज्याच्याकडे घोडे त्याच्याकडे युद्ध. ज्या वर्षी थॉमस व त्याचे सोबती ठाण्यात मारले गेले, त्याच वर्षी सप्टेंबरात रावेन्ना येथे महाकवी दान्ते वारला. ज्या इटलीत हा महाकवी निर्वासित म्हणून हिंडला, त्याच इटलीतील साधू त्याच काळात कोकणच्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोहोचले होते.

मराठी राज्याच्या काळातील प्रश्न आपल्या वाचकास अधिक परिचित असल्याने मी थोडक्यात उरकतो. १७३० मध्ये पोर्तुगीजांनी बांधावयास घेतलेला ठाण्याचा किल्ला मराठ्यांनी १७३७ च्या वसंतात घेतला, तेव्हा थोरला बाजीराव दिल्लीच्या वेशीपर्यंत जाऊन धडकत होता. चिमाजी अप्पाने वसई घेतली १७३९ च्या मे महिन्यात. त्याच महिन्यात इराणचा नादिरशाह मयूरासन घेऊन दिल्ली सोडीत होता. इंग्रजांनी ठाणे घेतले १७७४ च्या डिसेंबरात, आणि त्यातून उद्भवलेले पहिले इंग्रज-मराठा युद्ध १७७५ ते १७८२ अशा वर्षांत चालले. ही वर्षे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची आहेत. साष्टीवरून मुंबईचे गव्हर्नर पुण्याशी झगडत असता इंग्लंडचे मुख्य सैन्य अटलांटिकपलीकडे गुंतलेले होते, फ्रेंचांची अमेरिकेस मदत होती, आणि सालबाईचा तह आणि अमेरिकेशी समेटाची बोलणी एकाच वर्षी झाली. महादजी शिंदे आणि जॉर्ज वॉशिंग्टन समकालीन होते, एवढे तरी आपल्या शाळेतल्या मुलास माहीत असावे.

शेवटचा प्रश्न रेल्वेचा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी ओढत ठाण्यास आणली, ही माहिती प्रत्येक प्रश्नसंचात असते. परीक्षकाने तिच्यापुढे जावे. त्याच वर्षाच्या मार्चमध्ये चीनमधील ताइपिंग बंडखोरांनी नानजिंग घेतले. जुलैमध्ये अमेरिकेचा नौदल-अधिकारी पेरी जपानचे दार उघडण्यासाठी एदोच्या उपसागरात शिरला. ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात लंडनस्थ कार्ल मार्क्सचा लेख प्रसिद्ध झाला, ज्यात हिंदुस्थानातील रेल्वे आधुनिक उद्योगधंद्यांची अग्रदूत ठरेल असे भाकीत होते. आणि ऑक्टोबरमध्ये तुर्कस्तान व रशिया यांच्यात क्रिमियन युद्धास तोंड फुटले. परंतु हा लोहमार्ग मुळात कशासाठी होता? मँचेस्टरच्या गिरण्यांना दख्खन व वऱ्हाडचा कापूस बंदरापर्यंत स्वस्तात हवा होता, आणि भांडवल घालणाऱ्या विलायती भागधारकांना हिंदुस्थानच्या महसुलातून पाच टक्के व्याजाची हमी दिलेली होती. १८५४ च्या मेमध्ये मार्ग कल्याणला पोहोचला, आणि तेथून त्याचे दोन फाटे निघून एक बोरघाटाकडे व दुसरा थळघाटाकडे चढू लागला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडच्या दक्षिणेचा कापूस अडकला, आणि मुंबईत कापसाचे भाव कैक पटींनी वाढून सट्ट्याचा ज्वर चढला. खानदेश-वऱ्हाडच्या बैलगाड्या घाटात ओळीने उभ्या होत्या, आणि रेल्वे मात्र अजून डोंगर फोडीत होती. थळघाटाचा मार्ग वाहतुकीस खुला झाला १ जानेवारी १८६५ रोजी. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेतले युद्ध संपले, लिव्हरपूलला अमेरिकन कापूस पुन्हा उतरू लागणार हे स्पष्ट झाले, आणि जुलैपर्यंत मुंबईच्या बँका व कंपन्या एकामागून एक कोसळल्या.